‘वायोमिंग’ का बुडालं? सहा डोलकाठ्यांच्या लाकडी जहाजाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च १९२४ मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या किनाऱ्याजवळ ‘वायोमिंग’ हे कोळशानं भरलेलं लाकडी शिडाचं जहाज वादळात बुडालं. जहाजावरचं कुणीही वाचलं नाही. बहुतेक ठिकाणी ही हकिगत एवढ्यावरच संपते आणि सगळा दोष वादळाच्या माथी जातो. मला ते पुरेसं वाटत नाही. तसली वादळं त्या किनाऱ्यावर दर हिवाळ्यात येतात. त्याच वादळात, त्याच जागी उभं असलेलं दुसरं लाकडी जहाज वाचलं. त्यामुळे खाली वादळाबद्दल थोडं आणि जहाजाबद्दल जास्त लिहिलं आहे.

‘वायोमिंग’ हे नेमकं कसलं जहाज होतं?

सहा डोलकाठ्यांचं स्कूनर. स्कूनरची शिडं डोलकाठीला आडवी टांगलेली नसतात, ती जहाजाच्या लांबीच्या दिशेनं पसरलेली असतात. मेन राज्यातल्या बाथ या गावी, केनेबेक नदीच्या काठावर, पर्सी अँड स्मॉल यांच्या गोदीत ते बांधलं गेलं आणि १५ डिसेंबर १९०९ रोजी पाण्यात उतरलं. पुढच्या टोकाला नाळेतून बाहेर आलेल्या वाशापासून मागच्या शिडाच्या दांड्याच्या टोकापर्यंत मोजलं तर लांबी ४५० फूट, म्हणजे सुमारे १३७ मीटर. नुसता सांगाडा धरला तर ३३० फुटांच्या आसपास. रुंदी ५० फूट. पोटात ६,००० टन कोळसा मावायचा. खर्च आला होता १,७५,००० डॉलर.

ही दोन वेगवेगळी लांबी लक्षात ठेवा. कौतुक करणारे ४५० चा आकडा सांगतात, पण लाटांचा मार ३३० फुटांवर बसतो.

समुद्र नसलेल्या राज्याचं नाव जहाजाला कसं?

पैसे तिथून आले होते. वायोमिंग राज्यातल्या काही मंडळींनी या जहाजात भागीदारी घेतली होती आणि त्यात तिथले तेव्हाचे गव्हर्नर ब्रायंट ब्रुक्स हेही होते. अशा जहाजांची मालकी एका माणसाची क्वचितच असे. परंपरेनं जहाजाचे ६४ भाग पाडायचे आणि ते विकायचे. गोदीचे मालक, कप्तान, शीड शिवणारा, कोळशाचा व्यापारी, कुणीही भागीदार असायचा. म्हणजे जहाज किती मोठं असावं हे ठरवताना सुतारासोबत भागधारकही टेबलाशी बसलेला असे.

हेच जगातलं सर्वांत मोठं लाकडी जहाज का?

सगळ्यात मोठ्यांपैकी एक, हे निर्विवाद. एकूण लांबी धरली तर खात्रीशीर नोंद असलेल्या लाकडी जहाजांत ‘वायोमिंग’चं नाव पहिलं येतं. टनांत (हा टन वजनाचा नाही, जहाजातल्या जागेच्या मापाचा) मोजलं तर वाद आहे. १८५३ मध्ये डोनाल्ड मके यांनी बोस्टनमध्ये बांधलेलं ‘ग्रेट रिपब्लिक’ ४,५५५ टनांचं होतं, तर ‘वायोमिंग’ची नोंद ३,७३० टनांची. दोन्ही आकडे वेगळ्या काळातल्या मोजणीचे आहेत, त्यामुळे सरळ तुलना होत नाही. शिवाय ‘ग्रेट रिपब्लिक’ला पहिल्या सफरीआधीच न्यूयॉर्कच्या धक्क्यावर आग लागली आणि ते नंतर लहान करून पुन्हा बांधलं. तेही शेवटी १८७२ मध्ये बर्म्युडाजवळ वादळात गळती लागल्यामुळे खलाशांनी सोडून दिलं.

चिनी सेनानी झंग ह यांची पंधराव्या शतकातली ‘खजिना जहाजं’ याहून मोठी होती असं वाचायला मिळतं. त्या मापांवर अभ्यासकांचं एकमत नाही, आणि संशय घेणारे पुराव्यादाखल ‘वायोमिंग’कडेच बोट दाखवतात. इतकं लोखंड जडवूनही जे गळत राहिलं, त्याहून लांब जहाज निव्वळ लाकडात कसं टिकलं असेल, असा त्यांचा प्रश्न आहे.

एवढं मोठं बांधायची गरज काय होती?

कोळसा. व्हर्जिनियातल्या नॉरफोक आणि न्यूपोर्ट न्यूज या बंदरांतून उत्तरेकडच्या न्यू इंग्लंडच्या गिरण्यांना, रेल्वेला आणि घरांना कोळसा लागायचा. हा धंदा टनामागे थोडक्या सेंटांवर चालायचा. जहाज कोळसा घेऊन उत्तरेला जायचं आणि बहुतेक वेळा रिकामं परत यायचं, म्हणजे एका बाजूच्या भाड्यात दोन्ही बाजूंचा खर्च काढायचा. अशा धंद्यात नफा वाढवायचा एकच सोपा मार्ग होता, तेवढ्याच माणसांत जास्त माल नेणं. तीन डोलकाठ्यांच्या चार झाल्या, चारांच्या पाच आणि १९०० मध्ये सहा.

स्पर्धाही होती. वाफेवर चालणारी कोळसावाहू जहाजं वेळेवर पोचत. आगबोटीच्या मागे बांधून ओढले जाणारे तराफेही स्वस्त पडत. शिडाच्या जहाजाला वारा फुकट मिळतो, पण वाट बघावी लागते. आकार वाढवत नेण्याच्या या शर्यतीत बाथची गोदी सगळ्यांच्या पुढे होती. पूर्व किनाऱ्यावरच्या नऊ लाकडी सहा-डोलकाठी स्कूनरपैकी सात पर्सी अँड स्मॉल यांची, आणि ‘वायोमिंग’ त्यातलं शेवटचं.

आणि पैसे मिळाले का? चांगलेच मिळाले. पहिल्या महायुद्धात जहाजांचा तुटवडा पडला, भाडी कडाडली आणि १९१७ मध्ये ‘वायोमिंग’ बांधणीच्या खर्चाच्या किमान दुप्पट किमतीला विकलं गेलं. १९१९ मध्ये ते नॉरफोकहून इटलीतल्या जिनोव्हाला कोळसा घेऊन गेलं तेव्हा भाडं टनामागे २३.५० डॉलर होतं. भागधारकांच्या हिशेबात हे जहाज सपशेल यशस्वी आहे. बुडालं तेव्हा त्यानं आपली किंमत केव्हाच वसूल केली होती.

तेव्हा पोलादी जहाजं होती ना? मग लाकूड का?

स्वस्त होतं आणि हाताशी होतं. बाथमध्ये लाकडी जहाजं बांधणाऱ्या कारागिरांच्या पिढ्या होत्या. सांगाड्याच्या बरगड्यांना ओक, फळ्यांना दक्षिणेकडून आणलेला पिवळा पाइन, डोलकाठ्यांना पश्चिम किनाऱ्यावरची ओरेगन पाइनची सरळ झाडं. पोलादी जहाजाला लागणारं भांडवल आणि यंत्रं वेगळी, आणि कोळशाच्या भाड्यात तो खर्च भरून निघणं कठीण.

सहा डोलकाठ्या आणि माणसं जेमतेम डझनभर, हे जमायचं कसं?

डेकवरच्या वाफेच्या छोट्या इंजिनामुळे. हे इंजिन जहाज चालवत नसे. शिडं ओढून वर चढवणं, नांगर उचलणं आणि पंप चालवणं ही त्याची कामं. सहा डोलकाठ्यांची प्रचंड शिडं माणसांच्या बळावर वर न्यायची तर ३०-४० जण तरी लागले असते. इंजिन असल्यामुळे ११ ते १४ जणांत भागायचं.

यातली मेख अशी, की शिडं, नांगर आणि पंप या तिन्ही गोष्टी एकाच बॉयलरवर अवलंबून. डेकवर समुद्र चढून आग विझली तर तिन्ही एकदम हातातून जातात, आणि मग त्याच कामाला हात कमी पडतात. माणसं कमी केल्याचा नफा रोज मिळतो, त्याची किंमत मात्र एकाच रात्री मोजावी लागते.

लाकडी जहाज लांब केलं की बिघडतं काय?

हा खरा कळीचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

पाण्यावर उभं असलेलं जहाज सगळीकडून सारखं उचललं जात नाही. मधला भाग फुगीर आणि रुंद, त्यामुळे तिथे पाणी जास्त जोर लावतं. नाळ आणि वरामा, म्हणजे पुढचं आणि मागचं टोक, निमुळती असतात. त्यांना पाण्याचा आधार कमी आणि वजन मात्र असतंच. परिणामी शांत बंदरातसुद्धा लांब जहाजाची दोन्ही टोकं हळूहळू खाली झुकतात आणि पाठ मध्ये वर येते. लाटांमध्ये हेच दर काही सेकंदांनी उलटसुलट होतं. लाटेचा माथा मध्यावर आला की टोकं लोंबकळतात. माथे दोन्ही टोकांना आले की पोट खाली लटकतं.

आता गणित पाहा. एखाद्या जहाजाची लांबी, रुंदी, उंची आणि फळ्यांची जाडी, सगळं एकाच प्रमाणात दुप्पट केलं, तर वजन आठपट होतं आणि वाकवणारा जोर सोळापट. त्या जोराला तोंड देणारी ताकद मात्र आठपटच वाढते. म्हणजे सगळं इमानदारीनं दुप्पट करूनही लाकडावरचा ताण दुप्पट होतो. लाकूड तेच राहतं, त्याचा तंतू काही जास्त कणखर होत नाही.

त्यातही लाकूड मोडतं क्वचित. सुटतात ते सांधे. १०० मीटर लांबीचं झाड मिळत नाही, त्यामुळे जहाजाचा तळाचा कणासुद्धा तुकडे जोडूनच करावा लागतो आणि बाजूच्या फळ्या तर शेकड्यांनी असतात. जाड पुस्तक दोन हातांत धरून वाकवलं की पानं एकमेकांवरून सरकतात, तशा या फळ्या एकमेकींवरून सरकायला बघतात. त्यांना धरून ठेवतात ते फक्त खिळे, बोल्ट आणि फटींमध्ये ठासलेले डांबरी तंतू. प्रत्येक लाटेबरोबर बोल्टभोवतीचं भोक केसभर मोठं होतं, तंतू किंचित बाहेर येतात. पोलादाचे पत्रे रिव्हेटनं जोडले की सगळा सांगाडा एक होऊन जोर घेतो. लाकडात तो एकपणा कधीच पूर्ण येत नाही.

बांधणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं असं समजू नका. ‘वायोमिंग’च्या फळ्या सहा इंच जाड होत्या. बरगड्यांवर दोन्ही बाजूंना प्रत्येकी ९० लोखंडी पट्ट्या तिरक्या आवळल्या होत्या, आतून कण्यावर लाकडाचे थरावर थर चढवले होते. कालांतरानं झुकणार हे गृहीत धरून अशा जहाजांची टोकं बांधतानाच वर उचललेली ठेवत. त्याआधी अर्धशतक ब्रिटिश नौदलानं ‘मर्सी’ आणि ‘ऑर्लँडो’ ही ३३६ फुटांची लाकडी लढाऊ जहाजं बांधून पाहिली होती आणि तीही खुल्या समुद्रात अशीच खिळखिळी झाली होती. म्हणजे ३३० फुटांच्या आसपास लाकूड हात टेकतं, हे बाथच्या आधीच कळलेलं होतं. मला बाथच्या सुतारांबद्दल आदर आहे. त्यांनी त्या हद्दीवर उभं राहून जे केलं ते दुसऱ्या कुणाला जमलं नाही. पण हद्द ती हद्दच.

मग ते पहिल्या दिवसापासून गळत होतं?

खवळलेल्या समुद्रात, हो. ‘वायोमिंग’चा सांगाडा लाटांवर पिळला जायचा, फळ्यांच्या फटी उघडायच्या आणि पाणी पोटात शिरायचं. ते पंपानं बाहेर फेकत राहणं हा कामाचाच भाग होता. ऐकायला भयंकर वाटतं, पण मोठ्या लाकडी जहाजांवर पंप चालू असणं ही बातमी नव्हती. पंप बंद पडणं ही बातमी होती. हे सगळं सहन करत ‘वायोमिंग’ १४ वर्षं चाललं, अटलांटिक ओलांडून परत आलं. त्या जातीच्या जहाजासाठी हे वय चांगलं म्हणायचं.

शेवटच्या सफरीत काय झालं?

मार्च १९२४ मध्ये कप्तान चार्ल्स ग्लेझल यांच्या हाताखाली ‘वायोमिंग’ नॉरफोकहून कोळसा भरून निघालं. जायचं होतं कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांताच्या सेंट जॉन बंदरात. त्याच सुमारास नॉरफोकहून पाच डोलकाठ्यांचं ‘कोरा एफ. क्रेसी’ हे जहाजही निघालं होतं. तेही बाथचं, त्याच गोदीत १९०२ मध्ये बांधलेलं.

मॅसॅच्युसेट्सच्या केप कॉड या समुद्रात घुसलेल्या भूशिराच्या कोपऱ्याशी, चॅटम गावासमोर, ईशान्येकडून वादळ येताना दिसलं आणि दोन्ही जहाजांनी तिथे नांगर टाकले. संध्याकाळ होता होता ‘क्रेसी’च्या कप्तान पब्लिकोव्हर यांनी निर्णय फिरवला. नांगर उचलला आणि वादळाच्या तोंडावर खुल्या समुद्राची वाट धरली. ‘वायोमिंग’ नांगरावर राहिलं. त्यानंतर ते कुणी पाहिलं नाही. पॉलक रिप दीपनौकेच्या (दीपगृहाचं काम करणारी, एका जागी नांगरलेली बोट) पूर्वेला कुठेतरी ते बुडालं असं मानलं गेलं, आणि दिवस ११ मार्चचा धरला जातो. मृतांचा आकडा काही नोंदींत १३ आहे, काहींत १४.

हे ‘नॉरईस्टर’ वादळ म्हणजे चक्रीवादळच का?

नाही. ही हिवाळ्यातली वादळं. कमी दाबाचा पट्टा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला समांतर वर सरकतो आणि किनाऱ्यावर वारा ईशान्येकडून येतो, म्हणून ते नाव. उष्णकटिबंधातल्या चक्रीवादळासारखा याचा घेर आटोपशीर नसतो. ही वादळं विस्तीर्ण, थंड आणि चिवट असतात. वारा एकाच दिशेनं तासन्‌तास वाहिल्यामुळे लाटा मोठ्या होत जातात. सोबत बर्फ पडतं, ते शिडांवर आणि दोरांवर गोठतं, आणि जहाजाच्या पुढच्या टोकावरून मागचं टोक दिसेनासं होतं.

ती जागा इतकी बदनाम का आहे?

केप कॉड, मोनोमॉय आणि नॅन्टकेट बेट यांच्या मधल्या समुद्रात वाळूचे बांध आहेत आणि ते जागा बदलत राहतात. भरती-ओहोटीचे प्रवाह जोरदार. समोरून लाटा आणि खालून उलटा प्रवाह आला की पाणी उकळल्यासारखं उसळतं. १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाज हडसन नदीकडे निघालं होतं. ते इथूनच मागे फिरलं, आणि म्हणून ते प्रवासी केप कॉडला उतरले. तीनशे वर्षांनीही नकाशे आणि दीपनौका यांच्या पलीकडे परिस्थिती फारशी बदलली नव्हती.

केप कॉडचा कालवा होता की. त्यातून का नाही गेले?

कालवा १९१४ मध्ये खुला झाला होता, पण तेव्हा तो आजच्यासारखा नव्हता. अरुंद, उथळ, वळणाचा आणि आत प्रवाहाचा जोर. कोळशानं काठोकाठ भरलेल्या सहा डोलकाठ्यांच्या जहाजासाठी तो मार्गच नव्हता. मोठ्या स्कूनरना बाहेरून, वाळूच्या बांधांजवळूनच जावं लागे.

नांगर टाकून थांबणं ही चूक होती का?

आज खुर्चीत बसून ‘हो’ म्हणणं सोपं आहे. कप्तान ग्लेझल यांच्या बाजूनं विचार करून पाहा. संध्याकाळ होत आहे, पुढे उथळ बांधांतून वाट काढायची आहे, बर्फात दीपनौकेचा दिवा दिसेलच याची खात्री नाही. जहाज लांबलचक, भरलेलं, वळायला वेळ घेणारं. अशा वेळी दोन नांगर टाकून सकाळची वाट बघणं हा त्या मार्गावरचा रूढ उपाय होता. हजारो जहाजांनी तो केला आणि त्यातली बहुतेक दुसऱ्या दिवशी पुढे निघाली.

अडचण अशी, की नांगर एका ठरावीक जोरापर्यंतच उपयोगी असतो. नांगरलेलं जहाज नाळेकडून बांधलेलं असतं. लाट आली की नाळेनं मोकळेपणी वर उचललं जावं लागतं, साखळी तिला ते पूर्ण करू देत नाही. प्रत्येक लाटेला हिसका बसतो. हा हिसका साखळीतून नाळेच्या सांगाड्यावर येतो, म्हणजे लांब लाकडी जहाजाचं जे टोक आधीच लोंबकळतं आहे त्यावरच. शिवाय उथळ पाण्यात लाटा आखूड आणि उभ्या होतात. खुल्या समुद्रात जहाज लाटेबरोबर सरकतं, वाऱ्याला थोडं झुकतं, मार निम्मा चुकवतं. नांगरावर ते सगळा मार उभ्यानं घेतं.

आणि एकदा साखळी तुटली किंवा नांगर घसरला की मागे मोकळं पाणी हवं. ईशान्येच्या वाऱ्यात ‘वायोमिंग’च्या मागे वाळूचे बांध होते.

पब्लिकोव्हर यांनी नेमका हाच हिशेब उलटा मांडला असावा. रात्री बांधांतून बाहेर पडण्याचा धोका एकदाच पत्करायचा, नंतर समुद्र कितीही खवळला तरी खाली पाणी आणि चहूकडे जागा. ‘क्रेसी’ चेपलेलं, थकलेलं का होईना, पण वाचलं. ते लहान होतं आणि त्याची नाळ उंच होती, हेही विसरू नये. तोच निर्णय ‘वायोमिंग’नं घेतला असता तर ते वाचलंच असतं असं मी म्हणणार नाही. खुल्या समुद्रात त्याच्या पंपांना रात्रभर जास्त काम लागलं असतं.

मग बुडालं ते नक्की कशामुळे?

साक्षीदार उरला नाही, त्यामुळे शक्यताच मांडता येतात. तीन गंभीरपणे घेण्यासारख्या आहेत.

पहिली, तळ आपटणं. पूर्ण भरलेलं जहाज पाण्यात खोल बसतं. लाटेच्या खळग्यात ते उतरलं आणि खाली पाणी कमी असेल, तर तळ वाळूवर आदळतो. ६,००० टन कोळसा पोटात असताना असे दोन-चार दणके कण्याला पुरतात.

दुसरी, गळती हाताबाहेर जाणं. सांधे सुटत गेले, पाणी वाढलं, बॉयलर विझला आणि पंप थांबले. कोळशाची भुकटी पाण्याबरोबर वाहून पंपांच्या तोंडाशी अडकते, ही कोळसावाहू जहाजांची जुनी डोकेदुखी.

तिसरी, डेकवरची झाकणं फुटणं. कोळसा पटापट भरता यावा म्हणून डेकवर मोठाली तोंडं ठेवलेली असत. त्यावर लाकडी फळ्या, वर ताडपत्री, बाजूंनी पाचरी. भरलेल्या जहाजाचं डेक पाण्यालगत असतं. लाटा वरून कोसळत राहिल्या आणि एक झाकण गेलं, की पाणी थेट पोटात.

माझा कल पहिल्या दोघींच्या जोडीकडे आहे. त्या एकमेकींना पूरक आहेत आणि जागाही त्याच दिशेनं बोट दाखवते.

कोळसा एका बाजूला सरकून जहाज कलंडलं असेल का?

शक्य आहे, पण धान्याइतका कोळसा सरकत नाही. हे कारण मी यादीत खाली ठेवीन.

किनाऱ्यावरून मदत का गेली नाही?

मदतीची व्यवस्था होती. किनाऱ्यावरची जीवरक्षक ठाणी १९१५ पासून अमेरिकन तटरक्षक दलात सामील झाली होती. पण बर्फाच्या पडद्याआड, रात्री, कुणाला काही दिसलंच नाही तर बोट कुठे न्यायची? आणि दिसलं असतं तरी त्या पाण्यात वल्ह्यांची बोट नेणं म्हणजे काय, हे मोनोमॉयच्या लोकांना चांगलं माहीत होतं. १७ मार्च १९०२ रोजी तिथेच अडकलेल्या ‘वाडेना’ नावाच्या तराफ्यावरच्या माणसांना आणायला जीवरक्षकांची बोट गेली, उलटली आणि एक जीवरक्षक सोडून बाकी सगळे गेले, ज्यांना आणायला गेले होते तेही.

अवशेष सापडले का?

तेव्हा फक्त तुटकी लाकडं किनाऱ्याला लागली. सांगाडा सापडायला जवळपास ८० वर्षं लागली. २००३ मध्ये अमेरिकन अंडरवॉटर सर्च अँड सर्व्हे या संस्थेला मोनोमॉय बेटाजवळ समुद्रतळाशी तो सोनार यंत्रानं आढळला.

पोलादी असतं तर वाचलं असतं?

गळती नसती, एवढं नक्की. पण पोलाद नांगराची साखळी तुटण्यापासून वाचवत नाही. याचं उदाहरण हाताशी आहे. सात डोलकाठ्यांचं ‘थॉमस डब्ल्यू. लॉसन’ हे पोलादी स्कूनर १९०२ मध्ये बांधलं गेलं. डिसेंबर १९०७ मध्ये खनिज तेल घेऊन अटलांटिक ओलांडताना ते इंग्लंडच्या सिली बेटांपाशी वादळात सापडलं. कप्तानानं खडकांच्या मधोमध नांगर टाकले. रात्री साखळ्या तुटल्या, जहाज खडकांवर गेलं आणि कप्तान व इंजिनिअर असे दोघेच वाचले. माल, धातू, समुद्र सगळं वेगळं, पण थोडक्या माणसांत चालणारं अतिलांब स्कूनर, मागे अडचणीची जागा आणि नांगरावर ठेवलेला भरवसा हे दोन्हीकडे सारखं आहे. म्हणूनच ‘लाकूड होतं म्हणून बुडालं’ हे उत्तर मला अर्धंच वाटतं.

बाकीच्या सहा डोलकाठ्यांच्या लाकडी जहाजांचं काय झालं?

एकही म्हातारपणानं गेलं नाही. पहिलं ‘जॉर्ज डब्ल्यू. वेल्स’ १९१३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या ओक्राकोक बेटावर वादळात फुटलं, माणसं वाचली. ‘मर्टी बी. क्राउली’ १९१० मध्ये मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ, ‘अॅलिस एम. लॉरेन्स’ १९१४ मध्ये नॅन्टकेटच्या वाळूत. ‘अॅडी एम. लॉरेन्स’ आणि ‘एडवर्ड बी. विन्स्लो’ ही दोन्ही १९१७ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ संपली, दुसरं आगीत. ‘एलिनॉर ए. पर्सी’ १९१९ मध्ये आयर्लंडजवळ बुडालं. ‘रूथ ई. मेरिल’ तर ‘वायोमिंग’च्या दोनच महिने आधी, जानेवारी १९२४ मध्ये, त्याच परिसरातल्या वाळूच्या बांधांवर गेलं. शेवटचं उरलेलं ‘एडवर्ड जे. लॉरेन्स’ १९२५ मध्ये मेनमधल्या पोर्टलंडच्या बंदरात जळालं.

जाता जाता एक गंमत. १९०१ मध्ये जगात अशी दोनच जहाजं होती, ‘वेल्स’ आणि ‘पर्सी’. एवढ्या मोठ्या समुद्रात ती केप कॉडजवळ एकमेकांवर आदळली. दोन्ही वाचली.

‘वायोमिंग’चा नोहाच्या तारवाशी काय संबंध?

महाप्रलयातून वाचण्यासाठी नोहानं बांधलेल्या तारवाची, म्हणजे जहाजाची, लांबी बायबलात ३०० हात सांगितली आहे. हात १८ इंचांचा धरला तर ती भरते ४५० फूट, म्हणजे ‘वायोमिंग’च्या एकूण लांबीइतकी. या योगायोगामुळे इंटरनेटवरच्या प्रत्येक तारू-वादात हे जहाज ओढलं जातं. पण तारवाची लांबी सांगाड्याची आणि ‘वायोमिंग’च्या ४५० फुटांत सुमारे १२० फूट बाहेर आलेले वासे आहेत. तुलना करायचीच असेल तर ३३० शी करा.

आज काही पाहायला मिळतं का?

बाथमधली पर्सी अँड स्मॉल यांची गोदी १९२० च्या सुमारास बंद पडली, पण तिच्या इमारती टिकल्या आणि आता तिथे मेन मेरीटाइम म्युझियम आहे. ‘वायोमिंग’ जिथे बांधलं त्याच जागी जहाजाची पूर्ण मापाची पोलादी आकृती उभी केली आहे. लांबीचा अंदाज फोटोत येत नाही, तिथे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्यावर येतो. ‘कोरा एफ. क्रेसी’चं पुढचं आयुष्य मात्र चमत्कारिक. काही काळ ते बोस्टनमध्ये तरंगतं मनोरंजनगृह होतं, आणि १९३८ मध्ये मेनमधल्या ब्रेमेन इथे लॉब्स्टर ठेवण्याच्या जागेला लाटांचा आडोसा म्हणून आणून बसवलं. लाकडी सांगाड्याचे अवशेष अजून तिथेच आहेत.